श्वास एकाचा, ठेका दुसऱ्याचा

मराठीत ‘दम’ हा शब्द आपण किती अंगांनी वापरतो, याचा कधी विचार केला आहे का? जिना चढताना दम लागतो. घाई करणाऱ्याला आपण ‘जरा दम धरा’ असे सांगतो. खचलेल्या माणसाविषयी ‘आता त्याच्यात दम उरला नाही’ असे म्हणतो. श्वास, धीर आणि बळ या तीन गोष्टी आपल्या भाषेने एकाच शब्दात बांधल्या आहेत. सीओपीडी किंवा जुना दमा असलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत तर या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून सुट्या करताच येत नाहीत. श्वास अडला की धीर सुटतो, धीर सुटला की श्वास उथळ होतो, आणि दम लागेल या भीतीने माणूस हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की अंगातले बळही ओसरते.

अशा वेळी शेजारी बसलेली पत्नी, सून किंवा मुलगा कळवळून एकच वाक्य बोलत राहतो : “मोठा श्वास घ्या, मोठा श्वास घ्या.” हेतू चांगला असतो, परंतु सल्ला बहुधा उलटा पडतो. सीओपीडीमध्ये छातीतली हवा पूर्ण बाहेर पडत नाही, ही मूळ अडचण असते. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतण्यासारखा तो प्रयत्न ठरतो. रुग्णाला गरज असते ती सावकाश, लांब उच्छ्वासाची. ती शिकवण्याचा एक सुरेल मार्ग म्हणून आज दोन वाद्यांविषयी लिहीत आहे : माउथ ऑर्गन आणि बारा तारांची गिटार. अमेरिकेतील ‘ब्लूज’ या संगीतप्रकारात ही वाद्ये विशेष रुळली. आमच्या काशीदच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनाशेजारी राहणाऱ्या एका घरात त्यांचा कसा उपयोग झाला, तेही पुढे येईलच.

कष्टांतून आलेले गाणे

ब्लूज म्हटले की आपल्याला काही परके, तरुणांचे वाटते. प्रत्यक्षात अमेरिकेच्या दक्षिण भागात शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या श्रमगीतांतून आणि प्रार्थनांतून हे गाणे घडले. त्याची एक प्रचलित रचना अशी : एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत मनातले उत्तर द्यायचे. जात्यावर बसून ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना हे कुळ ओळखीचे वाटले असते. हात कामात, दुःख ओठांवर आणि लय दोघांना सांभाळणारी.

ब्लूजमधील एक गाजलेली जोडी आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. सनी टेरी हे माउथ ऑर्गन वाजवत. लहानपणीच्या दोन अपघातांत त्यांची दृष्टी गेली होती. त्यांचे साथीदार ब्राउनी मॅकगी गिटार वाजवत. बालपणी झालेल्या पोलिओमुळे त्यांचा पाय अधू होता. १९४० च्या दशकाच्या आरंभापासून या दोघांनी कित्येक वर्षे एकत्र वादन केले. उत्तरायुष्यात त्यांचे संबंध ताणले गेले होते, तरीही ते दीर्घकाळ एकाच रंगमंचावर बसत राहिले. घरात रुग्णाची सेवा करणाऱ्यांना या गोष्टीचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

आपल्या पिढीला ‘दोस्ती’ हा १९६४ चा चित्रपट आठवत असेल. त्यातही एक मित्र अंध, दुसरा पायाने अधू, आणि एकाच्या ओठांशी माउथ ऑर्गन. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीतातील तो माउथ ऑर्गन राहुल देव बर्मन यांनी वाजवला होता. पुढे १९७५ मध्ये ‘शोले’त संध्याकाळी दिवे मालवले जात असताना ऐकू येणारी माउथ ऑर्गनची धून भानू गुप्ता यांची. म्हणजे हे वाद्य आपल्या कानांना मुळीच परके नाही.

ब्लूजही आता मुंबईपासून दूर राहिलेला नाही. २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा महोत्सव भरू लागला. त्या पहिल्याच वर्षी तेथे गिटार वाजवणारे बडी गाय ७४ वर्षांचे होते.

ओठांशी धरलेली पेटी

माउथ ऑर्गन ही एका अर्थी लहानशी पेटीच आहे. पेटीत भात्याची हवा पितळी पट्ट्यांना थरथरवते. येथे भाता म्हणजे आपली फुप्फुसे. ब्लूजसाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या माउथ ऑर्गनला दहा छिद्रे आणि वीस पट्ट्या असतात. प्रत्येक छिद्रात फुंकल्यावर एक सूर येतो आणि हवा आत ओढल्यावर दुसरा. बासरी, सनई, तुतारी ही वाद्ये फक्त उच्छ्वासावर वाजतात. श्वास आणि उच्छ्वास या दोन्हींचे सूर काढणाऱ्या मोजक्या वाद्यांत माउथ ऑर्गनची गणना होते.

याचा वैद्यकीय उपयोग कोणता? सीओपीडीमध्ये श्वास सोडताना बारीक श्वासनलिका मिटू लागतात आणि हवा मागे अडकते. म्हणून आम्ही रुग्णांना ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायला शिकवतो. ओठांशी थोडा अडथळा निर्माण झाला की नलिकांमध्ये किंचित दाब टिकतो, त्या उशिरा मिटतात आणि अधिक हवा बाहेर पडते. माउथ ऑर्गनच्या पट्ट्या असाच सौम्य अडथळा देतात. हवा आत ओढतानाही तो असतो, त्यामुळे श्वासपटलाला आणि बरगड्यांमधल्या स्नायूंना हलके काम मिळते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे श्वास ऐकू येतो. तो किती लांब होता, कुठे तुटला, हे रुग्णाला स्वतःलाच कळते.

मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. ब्लूजचे वादक हवा आत ओढण्यावर अधिक भर देतात. पांढरी एकच्या माउथ ऑर्गनवर ते पांढरी पाचमध्ये वाजवतात आणि जोरकस ओढीने सूर खाली वाकवतात. आपल्याकडच्या मींडेशी त्याचे नाते आहे. निरोगी ज्येष्ठांनी ते हौसेने शिकावे. दम लागणाऱ्यांनी मात्र ब्लूजची लय तेवढी घ्यावी आणि भर उच्छ्वासावर ठेवावा.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील सीओपीडी फाउंडेशन ही संस्था रुग्णांसाठी माउथ ऑर्गन वादनाचा उपक्रम चालवते. तेथील अभ्यासांचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फुप्फुसांच्या नेहमीच्या पुनर्वसनाला माउथ ऑर्गनची जोड दिल्याने लक्षणीय फरक दिसला नाही. २०२० मधील १२ आठवड्यांच्या दुसऱ्या एका लहान अभ्यासात श्वसनाच्या स्नायूंची ताकद आणि सहा मिनिटांत चालता येणारे अंतर वाढलेले आढळले. परंतु त्यात सहभागी झालेले रुग्ण मोजकेच होते.

तेव्हा स्पष्ट सांगतो. माउथ ऑर्गन हे सीओपीडीवरील औषध नाही. तो वाजवू लागल्यावर इनहेलर बंद करणे धोक्याचे आहे. धूम्रपान सोडणे, चुलीच्या धुरापासून दूर राहणे, योग्य पद्धतीने इनहेलर घेणे, लसी वेळेवर घेणे आणि रोज चालणे हे उपचाराचे मुख्य खांब आहेत. वादनाची जागा त्यांच्या सोबतीची.

सेवा करणाऱ्याच्या हातात गिटार

आता दुसरे वाद्य. बारा तारांच्या गिटारमध्ये सहा जोड्या असतात. जाड सुरांच्या चार जोड्यांत एक तार मूळ सुरात आणि दुसरी त्याच्या वरच्या सप्तकात लावतात. उरलेल्या दोन जोड्यांतील तारा एकसुरी असतात. म्हणूनच एकदा हात फिरवला की नाद भरघोस उमटतो आणि हवेत रेंगाळतो. संथ श्वासाला अशी लांबणारी साथ बरी पडते. घरी सहा तारांची गिटार असेल तर तीही चालेल.

“आम्हाला गिटार कुठे येते?” असे आपण म्हणाल. त्यावर एक सोपा उपाय आहे. सहावी आणि पहिली जोडी ‘ई’वरून ‘डी’वर आणि पाचवी ‘ए’वरून ‘जी’वर उतरवून घ्यावी. तार लावणाऱ्या जाणकाराकडून किंवा मोबाइलमधील ट्यूनरच्या मदतीने हे होते. आता कोणताही पडदा न दाबता नुसता हात फिरवला तरी पांढरी पाचचा पूर्ण स्वरमेळ ऐकू येतो. गिटार मांडीवर आडवी ठेवून, काचेची किंवा धातूची गुळगुळीत नळी पाचव्या पडद्याच्या बरोबर वर अलगद टेकवली की पांढरी एकचा मेळ मिळतो आणि सातव्यावर टेकवली की पांढरी दोनचा. आपल्या तरुणपणी हवाईयन गिटार ऐकली असेल, तर ही पद्धत लगेच लक्षात येईल. तारा उतरवल्याने गिटारवरील ताणही काहीसा कमी होतो.

आता दोन्ही वाद्ये जोडू. पांढरी एकच्या, म्हणजेच ‘सी’च्या माउथ ऑर्गनवर दुसरे, तिसरे आणि चौथे छिद्र एकत्र धरून हवा आत घेतली की पांढरी पाचचा मेळ निघतो आणि फुंकली की पांढरी एकचा. म्हणून सराव असा :

• ज्येष्ठ व्यक्तीने पाठीला आधार देऊन बसावे, खांदे सैल सोडावेत आणि दोन मात्रा हलकेच हवा आत घ्यावी. त्या वेळी साथीदाराने मोकळ्या तारांवर दोनदा हात फिरवावा.

• नंतर चार मात्रा संथपणे फुंकावे. त्या वेळी साथीदाराने नळी पाचव्या पडद्यावर ठेवून चारदा हात फिरवावा.

• अशी चार-पाच आवर्तने झाली की वाद्य खाली ठेवून मिनिटभर नेहमीसारखा श्वास घ्यावा. आरंभी एवढे तीनदा पुरे. पुढे दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दहा मिनिटांपर्यंत वाढवावे.

या सरावाचा एकच कडक नियम आहे : लय रुग्णाचा श्वास ठरवील. साथीदाराने त्याच्या मागून जायचे. चार मात्रांचा उच्छ्वास पेलत नसेल तर तीनच घ्याव्यात. मध्येच खोकला आला तर गिटारने थांबावे. बारा तारा वाजवणाऱ्याचे खरे काम ऐकण्याचे आहे. एरवी दिवसभर “औषध घेतले का, मफलर बांधला का, उठू नका” असे बजावणाऱ्या माणसाला ही दहा मिनिटे रुग्णाच्या तंत्राने वागायला लावतात.

निरोगी ज्येष्ठांना पुढे जायचे असेल तर ब्लूजची बारा आवर्तनांची चाल शिकता येईल. प्रत्येक आवर्तन चार मात्रांचे. पहिली चार आवर्तने मोकळ्या तारांवर, दोन पाचव्या पडद्यावर, दोन पुन्हा मोकळी, एक सातव्यावर, एक पाचव्यावर आणि शेवटची दोन मोकळी. तारा बारा आणि आवर्तनेही बारा, हा निव्वळ योगायोग.

काशीदमधील एक घर

आमच्या भागातील एक काकू चाळीसहून अधिक वर्षे चुलीवर स्वयंपाक करत आल्या. विडी-सिगारेटला कधी हात लावला नाही, तरी फुप्फुसे धुराने पोखरली. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. परंतु परत येताना दम लागेल या धास्तीने त्यांनी किनाऱ्यावर जाणे सोडून दिले होते. मुलगा पर्यटकांसाठी दोन खोल्या चालवतो आणि गिटार वाजवतो. मी त्याला वर दिलेला सराव समजावून सांगितला. “आई आणि माउथ ऑर्गन?” म्हणून तो हसला. काकूंनी मात्र विचारले, “चुकले तर काही होत नाही ना?”

तीन महिन्यांनंतर त्यांच्या फुप्फुसांच्या तपासणीतील आकडे जवळजवळ तेच होते. इनहेलर चालूच होते. पुढच्या पावसाळ्यात त्यांचा आजार बळावला आणि त्यांना चार दिवस रुग्णालयातही राहावे लागले. बदल झाला तो दुसऱ्याच गोष्टीत. दम लागला की त्या घाबरून खिडकीकडे धावत नाहीत. पुढे वाकून बसतात, ओठांचा चंबू करतात आणि बोटांनी मांडीवर दोन-चार, दोन-चार असा ठेका धरतात. मुलगा ‘मोठा श्वास घे’ असे म्हणत नाही. शेजारी बसून तोच ठेका धरतो. आता त्या वाटेत दोनदा थांबून सुरूच्या बनापर्यंत जातात. वैद्यकाच्या दृष्टीने ही प्रगती लहान आहे. त्या घराच्या दृष्टीने ती लहान नाही.

बोटांची भाषा ओळखा

गिटार ज्येष्ठ व्यक्तीलाच वाजवायची असेल, तर बोटांचा विचार आधी करावा. बारा तारा दाबायला सहा तारांपेक्षा अधिक जोर लागतो. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल, बोट अडकून खटकन सुटत असेल किंवा रात्री हाताला मुंग्या येत असतील, तर तारा दाबण्याऐवजी वर सांगितलेली नळीची पद्धत किंवा नायलॉनच्या तारांची गिटार बरी. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल, तर तारेने कापलेले कळत नाही. वादनानंतर बोटांची टोके पाहावीत. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनीही हे पाहावे.

दुखणे आणि दुबळेपणा यांत मात्र फरक करावा. बारा तारांच्या गिटारचा थोर ब्लूज वादक लेडबेली याचा १९४९ मध्ये एएलएस या आजाराने मृत्यू झाला. या आजारात स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी झिजत जातात. हा आजार विरळा आहे. घाबरवण्यासाठी त्याचा उल्लेख केलेला नाही. परंतु वेदना नसताना हातातून वस्तू निसटणे, बटण लावता न येणे किंवा अंगठ्याजवळचा मांसल भाग बसत जाणे, या गोष्टी ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नयेत. आणि हात, चेहरा किंवा वाचा अचानक एका बाजूने दुबळी झाली, तर तो पक्षाघात समजून त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

खाऱ्या हवेतील पथ्ये

काशीदसारख्या किनारी गावात लोखंडी कडी-कोयंड्यांना गंज चढतो, तसाच तारांनाही चढतो. दमट हवेत माउथ ऑर्गनमध्ये ओल राहते. २०१६ मध्ये इंग्लंडमधील डॉक्टरांनी एका बॅगपाइप वादकाची हकिगत प्रसिद्ध केली. त्याच्या वाद्याच्या ओलसर आतील भागात बुरशी सापडली आणि तिच्यामुळे त्याच्या फुप्फुसांना जीवघेणी सूज आली असावी, असा निष्कर्ष निघाला. असे प्रकार क्वचित घडतात. परंतु काळजी सोपी आहे.

• वाजवण्यापूर्वी चूळ भरावी. स्टेरॉइडचा इनहेलर घेतला असेल तर आधी गुळण्या कराव्यात.

• वादनानंतर छिद्रे खाली करून वाद्य तळहातावर हलकेच आपटावे, कोरड्या फडक्याने पुसावे आणि पूर्ण वाळल्यावरच डबीत ठेवावे. लाकडी गाभ्याचा माउथ ऑर्गन पाण्यात बुडवू नये, लाकूड फुगते. प्लॅस्टिकच्या गाभ्याचा सांभाळायला सोपा.

• माउथ ऑर्गन ज्याचा त्याने वापरावा. नातवंडांनाही उष्टा देऊ नये. क्षयरोगाची शंका असेल तर तपासणी होईपर्यंत वाजवू नये.

• दातांची कवळी सैल असेल तर आधी दंतवैद्याला दाखवावी.

• नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, डोळ्याची, पोटाची किंवा हर्नियाची शस्त्रक्रिया झाली असेल, फुप्फुसाभोवती हवा साठण्याचा त्रास पूर्वी झाला असेल, थुंकीतून रक्त पडत असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय वाद्य ओठांना लावू नये.

• चक्कर, छातीत दुखणे, ओठांभोवती मुंग्या किंवा एक पूर्ण वाक्य बोलता न येण्याइतका दम ही थांबण्याची खूण. घरी ऑक्सिमीटर असेल तर आकडा डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या पातळीखाली जाऊ देऊ नये.

थांबूनही दम ओसरत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा रुग्ण गुंगीत जात असेल, तर १०८ वर फोन करावा. काशीदहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय सुमारे ३० किलोमीटरवर आहे. तेव्हा वाट पाहण्यात वेळ घालवू नये. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड जिल्ह्यातील कित्येक गावे अनेक दिवस विजेविना होती, हेही विसरू नये. नेब्युलायझर विजेवर चालतो. म्हणून इनहेलर आणि त्याचा स्पेसर घरात नेहमी तयार असावा. किनाऱ्यावर सुट्टीसाठी ज्येष्ठांना घेऊन येणाऱ्यांनी ही दोन्ही सामानात सर्वांत वर ठेवावीत.

आरंभ करायचा असेल तर महागडी खरेदी नको. ‘सी’चा एक साधा दहा छिद्रांचा माउथ ऑर्गन पुरेसा आहे. गिटार नसेल तर साथीदाराने टेबलावर बोटांनी ठेका धरावा. जेवणानंतर दोन तास सोडून, सकाळी किंवा चारच्या चहाआधी, रोज एकच वेळ ठरवावी. पहिल्या आठवड्यात सूर बेसूर येतील. शेजारी विचारतील, त्यांनाही बोलवावे. आणि पुढच्या वेळी आपल्या डॉक्टरांकडे जाताना इनहेलरबरोबर माउथ ऑर्गनही पिशवीत टाकावा. आपण तो कसा वाजवता हे डॉक्टरांनी एकदा पाहिले, तर आपला श्वास किती लांब जातो आणि कुठे अडतो, हे त्यांनाही कळेल.